चिवड्यापेक्षा हवेचं भाडं जास्त: घरगुती खाद्यपदार्थ कुरिअरने पाठवताना

प्रश्न थोडक्यात असा. गोरेगावच्या एक ताई घरून पातळ पोह्यांचा चिवडा, चकली, लाडू, गोडा मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी विकतात. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून येतात. निम्म्या मुंबईतल्या, बाकी पुणे-बंगळुरूच्या आणि थोड्या गावाकडच्या. कुरिअरचे पैसे वेगळे सांगितले की गिऱ्हाईक गप्प होतं आणि ‘फ्री शिपिंग’ लिहिलं की महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. सगळ्यात स्वस्त कुरिअर कोणतं, हा त्यांचा मुख्य प्रश्न. शिवाय सीओडी, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे, ठेवावं का, आणि अमेरिकेला फराळ पाठवता येईल का?

ताई, कुरिअरवाल्याशी घासाघीस करायच्या आधी घरातली मोजपट्टी घ्या आणि चिवड्याचं खोकं मोजा.

कुरिअर कंपनी पार्सलचं वजन दोन तऱ्हांनी बघते. एक काट्यावरचं. दुसरं मापावरून काढलेलं: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायची. काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन आणखी वाढतं. दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे. अर्धा किलो चिवडा चुरा न होता जायचा तर २५ × २० × १५ चं खोकं सहज लागतं. त्याचे झाले ७५००, भागिले ५०००, म्हणजे दीड किलो. काट्यावर साडेसहाशे ग्रॅम भरणाऱ्या पार्सलचं भाडं तुम्ही दीड किलोचं भरता. साडेसहाशे ग्रॅमच्या वरचं सगळं म्हणजे नुसती हवा आणि ती तुम्ही बंगळुरूला पाठवताय.

रुपयांत बघू. हिशेबापुरतं धरा की पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ३५. तुमचा दर गावागणिक वेगळा असेल, पण रचना हीच असते. दीड किलोचे झाले ११५, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १३५ रुपये ७० पैसे. चिवडा तुम्ही विकलात २२० ला. बिलाच्या साठ टक्क्यांहून जास्त रक्कम भाड्यात गेली. असा चिवडा कुठल्याही कुरिअरने पाठवा, परवडणार नाही. दर पाच रुपयांनी खाली आणलात तरी नाही.

आता त्याच दराने गोडा मसाला. चार पाव किलोंची पाकिटं, साध्या कुरिअरच्या पिशवीत, खोकं नाहीच. माप लहान, त्यामुळे काट्यावरचं वजन चालेल. पण इथे दुसरा सापळा आहे. मसाला बरोबर एक किलो, त्यात पाकिटांचं, पिशवीचं आणि टेपचं वजन धरून १०६० ग्रॅम. भाडं पाचशेच्या टप्प्यांनी लागतं, म्हणून हे साठ ग्रॅम तुम्हाला दीड किलोच्या खणात ढकलतात आणि पुन्हा १३५ रुपये ७० पैसे द्यावे लागतात. त्याऐवजी पाव किलोची तीन पाकिटं आणि सोबत १०० ग्रॅम मेतकूट द्या. सगळं मिळून ९१०-९२० ग्रॅम, किलोच्या आत. भाडं ८० अधिक कर, ९४ रुपये ४० पैसे. एका पार्सलमागे ४१ रुपये वाचले आणि गिऱ्हाइकाला मेतकुटाची चव कळली, पुढच्या वेळी ते आपणहून मागवेल.

म्हणून बाहेरगावच्या ऑर्डरींसाठी पाकिटांची जुळणी तुम्ही ठरवायची, गिऱ्हाइकाने नाही. भरलेली पिशवी काट्यावर ४८० आणि ९८० ग्रॅमच्या आत बसेल अशा जोड्या बसवा. काटा घरात आहेच, एक दुपार त्यासाठी द्या. हलका वीस ग्रॅमचा फरक मुद्दाम ठेवायचा, कारण त्यांचा काटा आणि तुमचा काटा यांचं कधी जमत नाही.

चिवड्याचं काय, हा खरा पेच. तो तुमचा नावाजलेला पदार्थ असणार, त्यामुळे बंद करा म्हणणार नाही. पण बाहेरगावी तो एकटा पाठवायचा नाही. लाडू, भाजणी, मसाला असं जड सामान खाली आणि वर राहिलेल्या जागेत पाव किलो चिवडा, असं खोकं भरा. जागेचं भाडं तर लागणारच आहे, मग ती जागा वजनाने भरलेली बरी. पाकिटात हवा किंवा नायट्रोजन भरून फुगवून दिलं तर पोहे शाबूत राहतात, पण माप वाढतं. जवळच्या ऑर्डरीला फुगवलेलं, लांबच्या खोक्यात हवा काढून पातळ केलेलं, असं मी करते. थोडे पोहे मोडतात. तशी सूचना आधीच लिहून ठेवली की कुणी तक्रार करत नाही.

आणखी एक मार्ग आहे, तो मला जास्त आवडतो. चिवड्याचा सुका ऐवज विका: भाजलेले शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मसाला हे सगळं एका पाकिटात, आणि वर कागदावर लिहा की इतके पातळ पोहे भाजा, इतक्या तेलाची फोडणी करा. पोहे बंगळुरूतही मिळतात, तुमच्या हातचा मसाला मिळत नाही. चकलीचंही तसंच. तयार चकली खोक्यात अर्धी जागा मोकळी ठेवते आणि तरी तुटते. चकलीची भाजणी विटेसारखी घट्ट बसते आणि तुटायला त्यात काही नसतं. लोणच्यासाठी काचेची बरणी विसरा, ती रिकामीच दीडशे-दोनशे ग्रॅमची असते. आत सील असलेला प्लास्टिकचा डबा किंवा जाड पाउच घ्या आणि तो आणखी एका पिशवीत घाला. तेल गळलं तर शेजारच्या पार्सलांची भरपाईसुद्धा तुमच्याच माथी येऊ शकते.

खोकी किरकोळ घेऊ नका. मशीद बंदर, अब्दुल रहमान स्ट्रीट या बाजूला तीन पदरी खोकी आणि कुरिअरच्या पिशव्या शेकड्याने मिळतात. मापं दोनच ठेवा, फार तर तीन. खोकं, टेप, लेबल, आतला कागद यांचा खर्च लोक शिपिंगमध्ये धरत नाहीत आणि मग पैसे कुठे गेले म्हणून शोधत बसतात. वर्तमानपत्र खाण्याला लागू द्यायचं नाही, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने त्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. सीलबंद पाकिटांच्या बाहेर, खोक्यातली पोकळी भरायला मात्र चालतं.

आता वजनाचे वाद. शिपरॉकेटसारख्या ॲग्रीगेटरवर, म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांचं बुकिंग एकाच ठिकाणी करून देणाऱ्या साइटवर, तुम्ही वजन-माप स्वतः भरता, पार्सल निघतं, आणि काही दिवसांनी वॉलेटमधून, म्हणजे तिथे आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, आणखी पैसे कापलेले दिसतात. कारण कंपनीच्या गोदामातल्या यंत्राने माप जास्त दाखवलेलं असतं. सगळ्यांत जास्त वेळा हे होतं ते फुगलेल्या खोक्यामुळे. झाकण दाबून टेप मारलेलं १० सेंटिमीटर उंचीचं खोकं मधोमध फुगून १२ चं होतं आणि यंत्र सगळ्यात उंच ठिकाण धरतं. २५ × २० × १० चं खोकं बरोबर एक किलोचं असतं. तेच १२ झालं की १.२, म्हणजे दीड किलोचा टप्पा. म्हणून खोकं बंद केल्यावर वरून सपाट पट्टी ठेवून बघायची, खाली उजेड दिसला नाही पाहिजे. मग दोन फोटो: एक काट्यावरचा आणि एक मोजपट्टी लावलेला, दोन्हींत लेबलावरचा पार्सलचा नंबर वाचता येईल असे. वाद नोंदवायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून वॉलेटचा हिशेब महिन्याने नाही, आठवड्याने बघायचा. ज्यांचे फोटो असतात त्यांचे पैसे बहुधा परत येतात. ज्यांच्याकडे नसतात ते आमच्यासारख्यांना फोन करून शिव्या घालतात.

मुंबईतल्या मुंबईत कुरिअर हा शेवटचा पर्याय धरा. तुमच्या निम्म्या ऑर्डरी इथल्या आहेत, तेव्हा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. पोर्टर किंवा बोर्झो या ॲपवरून बोलावलेला दुचाकीवाला किलोमीटरवर पैसे घेतो. गोरेगावहून मालाडला ठीक, कुलाब्याला एकाच पाकिटासाठी पाठवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही, तो पर्यायही मिटला. यावर उपाय म्हणजे विभागवार दिवस. मंगळवारी दहिसर ते मालाड, गुरुवारी अंधेरी ते वांद्रे, शनिवारी दादर आणि खाली, असं यादीवरच छापा. एका फेरीत सात-आठ थांबे घेणारा दुचाकीवाला ठरवला की प्रत्येक पार्सलमागचा खर्च एकट्या फेरीच्या कितीतरी खाली येतो. ज्याला आजच्या आज हवं त्याने स्वतः गाडी बुक करावी, पत्ता तुम्ही द्या. पैसे त्याच्या ॲपमधून कटतात, त्यामुळे तुमच्याशी वाद होत नाही. उकडीच्या मोदकांसारखा त्याच दिवशी खायचा माल तर याच पद्धतीने द्यायचा, दुसरी नाहीच.

तुम्ही पश्चिम रेल्वेवर राहता, त्याचाही फायदा घ्या. रोज चर्चगेटला कामाला जाणारी ओळखीची मुलगी असेल तर पार्सलमागे ठरावीक पैसे देऊन तिच्याकडे पाच-सहा पाकिटं द्यायची. गिऱ्हाईक दादरला किंवा अंधेरीला तिकीट खिडकीपाशी येऊन घेतं. पण हे सकाळच्या गर्दीआधीच्या गाडीला. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चकल्यांची पिशवी घेऊन चढायचा विचार मनातही आणू नका. याहून चांगलं म्हणजे सोसायटीची एकत्र ऑर्डर. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीत तुमचं एखादं जुनं गिऱ्हाईक असेलच. त्यांना सांगा, ‘तुमच्या इमारतीतून दहा पाकिटं जमली की पोच आमची’, आणि ऑर्डर जमवणाऱ्या ताईंना एक पाकीट भेट द्या.

कुरिअरनेच पाठवायचं झालं तर पिनकोडकडे लक्ष द्या. ४०० ने सुरू होणारे मुंबईचे, त्यात ठाणे आणि नवी मुंबईचा बराचसा भागही येतो. दहिसरची खाडी ओलांडली की मीरा रोड ४०१ मध्ये, आणि डोंबिवली-कल्याण ४२१ मध्ये. आपल्या लेखी हे सगळं ‘इथलंच’, पण कंपनीच्या दरपत्रकात स्थानिक दर नेमका कुठे संपतो ते प्रत्येकीचं वेगळं. दर विचारताना शहराचं नाव सांगू नका, पिनकोड सांगा.

पुणे, नाशिक, कोल्हापूरसाठी नाक्यावरच्या कुरिअरवाल्याला विचारून बघा. त्याचा मोठ्या कंपन्यांसारखा मापावर डोळा नसतो, रोज दोन-चार पार्सलं देणार म्हटलं की दर खाली येतो, आणि हलक्या पण मोठ्या खोक्याला तो पुष्कळदा स्वस्त पडतो. पाच-दहा किलोंचं एकगठ्ठा सामान असेल, दुकानाला वगैरे, तर रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकता येतं, सकाळी पोचतं. समोरच्याने मात्र थांब्यावर जाऊन घ्यायला हवं. गावाकडच्या पत्त्यांना पोस्ट. चिपळूणच्या आत आडवाटेला राहणाऱ्या आजींपर्यंत पोस्टमन जातो, कुरिअरवाला ‘ऑफिसला येऊन घेऊन जा’ म्हणतो. एक सांगून ठेवते, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या सवयीने खिडकीवर ‘रजिस्टर’ मागू नका.

पावसाळ्याचं वेगळं. जुलैत दोन दिवस पाणी तुंबलं की पार्सल गोदामात पडून राहतं, म्हणून तीन दिवसांचा प्रवास असेल तिथे सहा दिवस धरायचे. नवीन पदार्थ बाहेरगावच्या यादीत घालण्याआधी पार्सल पूर्ण बांधून घरातच सहा दिवस ठेवा आणि मग फोडून खाऊन बघा. ओल्या नारळाचे लाडू या परीक्षेत नापास होतात.

मग गिऱ्हाइकाला दर सांगायचा कसा? दोन याद्या करा. मुंबईच्या यादीत सगळे पदार्थ, पोच विभागाच्या दिवशी. बाहेरगावच्या यादीत फक्त प्रवास झेपणारे पदार्थ, बहुतेक जोड्यांमध्ये, आणि दरातच भाडं मिसळलेलं. मसाल्याची ती किलोच्या आतली पिशवी ९०० रुपयांची असेल तर ९४ रुपये भाडं म्हणजे साधारण साडेदहा टक्के. माझं मत असं की बाहेरगावचं भाडं बिलाच्या बारा टक्क्यांवर गेलं की ती ऑर्डर घ्यायची नाही, किंवा तिच्यात आणखी काहीतरी घालायला सांगायचं. ‘९९९ च्या वर शिपिंग फ्री’ ही पाटी मला पटत नाही. ९९९ चा चिवडाच मागवला तर? त्याऐवजी पाकिटांवर बोला: ‘मसाला, भाजणी, मेतकूट यांतली कुठलीही चार पाकिटं घ्या, घरपोच आमच्याकडून.’ गिऱ्हाइकाला ग्रॅम कळत नाहीत, चार पाकिटं कळतात. सुटा चिवडा हवा असणाऱ्याला भाडं वेगळं आणि स्पष्ट सांगायचं. निम्मे जण तरी सोबत लाडू-भाजणी जोडून घेतात. ईशान्य भारत आणि काश्मीरचे दर बरेच चढे असतात, तिथल्यासाठी वेगळी ओळ लिहा.

सीओडीला माझं उत्तर नाही असंच आहे. कपडे परत आले तर पुन्हा विकता येतात, लाडू येत नाहीत. पार्सल नाकारलं की जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि माल, तिन्ही गेले, वर सीओडीची फी वेगळी. एका परत आलेल्या ऑर्डरीचं नुकसान भरून काढायला पाच-सहा चांगल्या ऑर्डरी लागतात. आज भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड आहे. अनोळखी माणसाला विश्वास वाटत नसेल तर आधी दोनशे रुपयांचं लहान पाकीट घेऊन बघा म्हणावं, पण पैसे आधी. यूपीआय आल्यावरच लेबल काढायचं, आणि पत्त्यासोबत चालू फोन नंबर व पिनकोड तपासून घ्यायचा. ‘अमुक मंदिरासमोर’ एवढ्यावर पाठवलेलं पार्सल बहुधा परत येतं.

बंगळुरूच्या ऑर्डरींबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण महत्त्वाची आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या विक्रीला जी सूट मिळते ती इथे नाही. नोंदणी केलीत तर कुरिअरच्या बिलावरचा १८ टक्के कर तुमच्या करातून वजा करता येतो, म्हणजे वरच्या हिशेबातले ९४ रुपये ४० पैसे खरे ८० च पडतात. मात्र गिऱ्हाइकाकडून घेतलेलं भाडं बिलात मालाबरोबरच धरलं जातं आणि त्यावरही मालाचाच कर लागतो. तुमच्या सीएंकडे एकदा बसून कुठल्या पदार्थाला किती कर ते लिहून घ्या. पापडाला नाही, मसाल्याला आहे, असे फरक आहेत. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर पाकिटावर असेलच असं धरते.

राहिली अमेरिका. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली. आपल्या पोस्टाने त्याच सुमारास तिकडची पार्सलं घेणं थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळीला आठवडाही उरला नसताना, पुन्हा सुरू केलं. त्या वर्षी पोस्टावर भरवसा ठेवलेल्या कित्येकांचा फराळ इथेच राहिला. शिवाय विकलेल्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. घरी स्वतः करून भेट म्हणून पाठवलेल्या डब्याला जी सूट आहे ती विक्रीच्या मालाला नाही. तुमच्या आजच्या आकाराच्या धंद्याला हा उपद्व्याप झेपणारा नाही. ज्यांना मुलाला न्यू जर्सीला फराळ पाठवायचाय त्यांना माल इथे मुंबईत घरपोच द्या. दर दिवाळीला परदेशी फराळ पाठवणारे कुरिअरवाले दादर-पार्ल्यात बसलेले असतात, कागदपत्रं ते करतात. तुम्ही फक्त भाजणी, मसाला, लाडू चपट्या पाकिटांत बांधून द्या आणि चिवडा कमी घ्यायला सांगा, कारण परदेशी कुरिअरचं भाडंही मापावरच लागतं.